दवंडी पिटली, पिटवली, दिली की फिरवली?

ओळंबा (धागाकर्ती)

तालुक्यांहून येणाऱ्या बातम्या नीट करून पानात लावणं हे माझं रोजचं काम. या आठवड्यात पाणीपट्टीच्या थकबाकीवर चार गावांहून बातम्या आल्या आणि चौघांनी चार क्रियापदं वापरली. एकाची ग्रामपंचायत दवंडी पिटते, दुसऱ्याची देते, तिसऱ्याची फिरवते. चौथ्याने 'ग्रामसभेचा डांगोरा पिटण्यात आला' असं लिहून पाठवलं. पहिल्या तिघांना मी हात लावला नाही, चौथं कापलं. लगेच वार्ताहराचा फोन: "मॅडम, दोन्ही एकच की! कोशात बघा."

बघितलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (माझ्याकडे १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत आहे) दवंडी म्हणजे ढोल बडवून केलेली जाहीर सूचना, आणि डांगोराही तेच. म्हणजे कागदावर वार्ताहर जिंकला. पण माझा कान काही ऐकेना. ग्रामसभेची असते ती दवंडी. डांगोरा असतो कुणाच्या तरी भानगडीचा, नाहीतर स्वतःच्या मोठेपणाचा. 'केलं दमडीचं आणि डांगोरा गावभर' म्हणताना तिथे दवंडी बसवून बघा, वाक्य पांगळं होतं.

तर प्रश्न असे. तुमच्या भागात दवंडीबरोबर कुठलं क्रियापद येतं? डांगोऱ्याला हा वास कधीपासून लागला? आणि हे शब्द आले कुठून? जाणकारांनी लिहावं, अजाणांनीही लिहावं, फक्त 'दौंड गावावरून दवंडी आली' हा विनोद माझा मीच करून टाकला आहे.

कृष्णाकाठ

आमच्या कराडकडे दवंडी देतात. पिटतात ती चुगली.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे दोन्ही नाही. गावात मुनादी देतात. 'मुनादी देऊन राह्यला', 'काल मुनादी झाली, आयकली नाही का?' असंच. वाद्य म्हणजे डफडं. दवंडी हा शब्द मी पहिल्यांदा शाळेच्या पुस्तकात वाचला, आणि बरेच दिवस मला ती एखादी खाण्याची वस्तू वाटत होती.

मुनादी अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आला. मजा अशी की अरबीत 'मुनादी' म्हणजे हाक मारणारा माणूस, पुकारणारा. 'निदा' म्हणजे हाक, ती देणारा तो मुनादी. आपल्याकडे येईपर्यंत माणूस गळाला आणि फक्त त्याचं काम उरलं. आता मुनादी 'देणारा' वेगळा सांगावा लागतो.

सीमेवरचा

बेळगावहून नमस्कार. डांगोऱ्याचा सख्खा भाऊ आमच्या शेजारी राहतो: कन्नड 'डंगुर'. 'डंगुर सारु' म्हणजे जाहीर पुकारा करणे. 'होडे' म्हणजे मारणे, 'होडेसु' म्हणजे मारायला लावणे, तेव्हा 'डंगुर होडेसु' म्हणजे आपलं 'दवंडी पिटवणे'. आणखी खाली गेलात की तेलुगूत दंडोरा, तमिळमध्ये तंडोरा. वर हिंदीत डौंडी आणि ढिंढोरा. कोण कुणाकडून आला याच्यावर मी डोकं फोडून घेत नाही. ड, ढ, द आणि अधेमधे एक अनुनासिक, हा सगळा गोतावळा एकाच आवाजाचा वाटतो. संस्कृतातल्या डिंडिम आणि दुंदुभीही त्याच पंक्तीला बसतात. चामड्यावर काठी पडली की जे ऐकू येतं तेच तोंडाने म्हटलंय.

कर्नाटकातल्या हरिदास संतांच्या पदांत 'डंगुरव सारि' अशी सुरुवात असलेलं एक पद आहे. पांडुरंग विठ्ठल हेच परदैवत, असा डंगुर भूमंडळभर पिटा, असं त्यात सांगितलंय. म्हणजे विठ्ठल दोन्ही भाषांत आणि डांगोराही दोन्ही भाषांत. ओळंबाताई, तुमच्या त्या 'वासा'चा पत्ता मग तिकडे नाही.

ओळंबा

अगदी! आणि इकडेही नाही. तुकाराम महाराज 'आम्ही वैकुंठवासी' या अभंगात काय म्हणतात?

पिटूं भक्तीचा डांगोरा ।
कळिकाळासी दरारा ॥

इथे कुठे भानगड, कुठे बढाई? उलट दरारा आहे. म्हणजे सतराव्या शतकात डांगोरा भक्तीचा पिटता येत होता, आणि आज मी तोच शब्द ग्रामसभेच्या बातमीतून कापतेय. मधल्या काळात काय झालं?

शिळोपा

मला वाटतं फार काही झालं नाही, वाटणी झाली. दोन शब्द एकाच अर्थाचे असले की भाषा त्यांना शेजारी फार दिवस नांदू देत नाही, एकाला कुठेतरी पाठवते. दवंडी कचेरीत नोकरीला लागली. हुकूम, नोटीस, जप्ती, ग्रामसभा सगळं तिच्याकडे गेलं. डांगोरा बिननोकरीचा राहिला, मग गावभर हिंडत लोकांच्या भानगडी सांगत बसला. बोभाटा, गवगवा, टिमकी ही त्याची संगत. त्यांच्यात राहून जो लौकिक व्हायचा तो झाला.

पण त्यांच्यातही फरक आहे बरं का. टिमकी माणूस स्वतःचीच वाजवतो. बोभाटा आपोआप होतो, त्याला कर्ता लागत नाही. डांगोरा स्वतःचाही पिटता येतो, दुसऱ्याचाही. आणि गवगव्यात वाद्यच नाही, नुसता गलका.

हळदीचं पान

वाचतेय. एक शंका: 'दवंडी पिटणे' सुद्धा आपण वाईट अर्थाने वापरतोच की. 'तुला सांगितलं ते गावभर दवंडी पिटायला नव्हे', असं आमची आई म्हणायची.

शिळोपा

हो, पण त्यात राग गुपित फोडल्याचा आहे, दवंडीवर नाही. 'तू सरकारी माणूस नाहीस, मग सरकारी थाटात सांगत का सुटलास', असा तो टोमणा आहे.

माजी नाझर

मी दिवाणी न्यायालयात नोकरी केली, शेवटची वर्षं नाझर म्हणून. नाझरचा आणि दवंडीचा जवळचा संबंध, कारण कोर्टाचे हुकूम बजावणारे बेलिफ आमच्या हाताखाली. त्यामुळे क्रियापदाच्या प्रश्नावर दोन शब्द.

स्थावर मिळकतीची जप्ती कशी करावी हे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये आदेश २१, नियम ५४ मध्ये दिलं आहे. जप्तीचा हुकूम मिळकतीवर किंवा तिच्या लगत, ढोल वाजवून किंवा तिथल्या इतर रूढ पद्धतीने जाहीर करायचा आणि त्याची नक्कल मिळकतीच्या ठळक भागावर डकवायची. दुसरी नक्कल कोर्टाच्या इमारतीवर. मिळकत सरकारला सारा देणारी असेल तर कलेक्टर कचेरीतही. पुढे लिलावाची उद्घोषणाही जवळपास याच रीतीने करायची, असं नियम ६७ सांगतो. हे कलम अजून जिवंत आहे.

आता बेलिफाचा अहवाल कसा असे ते पहा. 'मौजे अमुक येथे जाऊन, पंचांसमक्ष, वादातील मिळकतीवर उभे राहून दवंडी पिटवून हुकूम मोठ्याने वाचून दाखविला व नक्कल डकविली.' यात 'पिटवून' आहे, 'पिटून' नाही. बेलिफ स्वतः वाजवत नसे. तो गावातला हलगीवाला गाठायचा, त्याला पैसे द्यायचा, पावतीवर सही नाहीतर अंगठा घ्यायचा. ती पावती अहवालाला जोडलेली नसेल तर मी अहवाल परत पाठवत असे. दवंडी झालीच नाही, बेलिफाने चहाच्या टपरीवर बसून अहवाल लिहिला, अशी हरकत ऋणको हमखास घेतो. तेव्हा कोर्ट पंच बघतं आणि ही पावती बघतं.

कृष्णाकाठ

नाझरकाका, हलगीवाला मिळालाच नाही तर?

माजी नाझर

पत्र्याचा डबा. हसू नका. 'इतर रूढ पद्धतीने' हे शब्द कायद्यात उगाच नाहीत. आवाज झाला पाहिजे, लोक जमले पाहिजेत, आणि कशासाठी जमवलं ते त्यांना कळलं पाहिजे. एका बेलिफाने मात्र मोटारसायकलचा हॉर्न वाजवून जप्ती जाहीर केल्याचं लिहून आणलं होतं. ते मी नामंजूर केलं. हॉर्न ऐकून माणूस बाजूला होतो, जमत नाही.

चामडं आणि काठी

गेले दोन दिवस वाचत होतो, लिहू की नको असं चाललं होतं. नाझरसाहेबांच्या त्या पावतीमुळे लिहितो.

माझा आजा गावात हलगी वाजवायचा. दवंडी त्याच्याकडेच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात फार सोपं होतं: पाटील दवंडी द्यायचा, आजा पिटायचा. एकाच दवंडीची दोन क्रियापदं, दोन माणसांची. गावाच्या बोलण्यात मात्र 'पाटलांनी दवंडी दिली' एवढंच यायचं.

हलगी थेट उचलून वाजवता येत नाही. लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं असतं. थंडीपावसात ते सैल पडतं, आवाज भद्द येतो. मग पाचट नाहीतर पालापाचोळा पेटवून त्याच्यावर धरायची, फिरवत फिरवत. बोटाने टिचकी मारून बघायची. खणखणली की झालं. जास्त तापली तर कातडं फाटतं. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बांबूची बारीक काडी, आणि त्याच डाव्या हाताने कडंही धरायचं. पावसाळ्यात पाटलाचा निरोप आला की आजी आधी चुलीतला जाळ बघायची.

हुकूम काय आहे ते आजाला कागदावरून वाचता येत नव्हतं. चावडीत त्याला तोंडी सांगायचे. दोन वेळा म्हणून दाखवायला लावायचे, मग सोडायचे. साराबाकीची दवंडी असली की शिव्या कुणाला? हुकूम काढणारा चावडीत. दारात उभा होता तो आजा. 'आला काळतोंड्या' हे त्याने सगळ्या आळ्यांत ऐकलं. आणि मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावर टाकलेलं धान्य आणि दारोदारची भाकरी.

बापाने हलगीला हात लावला नाही. आजानेच लावू दिला नाही.

ओळंबा

लिहिलंत हे फार बरं केलंत. 'दिली' आणि 'पिटली' ही एकाच दवंडीची दोन टोकं आहेत, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी प्रदेशभेद शोधत बसले होते.

रोखठोक

आला. शब्दाच्या व्युत्पत्तीच्या धाग्यातसुद्धा जात आलीच. आता धागा दोनशे प्रतिसाद गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

मरिना बीच

बसा. मी चेन्नईत राहते, तुमच्या पॉपकॉर्नला थोडं मीठ पुरवते.

तमिळमध्ये 'परै' म्हणजे हलगीसारखं वाद्य. तोच शब्द क्रियापद म्हणून 'सांगणे' या अर्थी जुन्या तमिळमध्ये आहे. मल्याळममध्ये तर आजही साधं 'सांगणे' म्हणजे 'परयुक'. आणि हे वाद्य वाजवणाऱ्यांच्या जातीचं नाव परैयर. त्या नावावरून इंग्रजीत 'परायाह' (pariah) शब्द गेला आणि तिथे त्याचा अर्थ झाला वाळीत टाकलेला. ज्यांच्याकडे सगळ्या गावाला सांगायचं काम, त्यांच्याच नावाचा अर्थ जगभर 'ज्याच्याशी कुणी बोलत नाही तो' असा झाला. आता सांगा, व्युत्पत्तीत जात मी आणली की ती आधीपासून होती?

तमिळनाडू सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये तंडोरा बंद करायचे आदेश जिल्हाधिकाऱ्यांना दिले. कारण हेच सांगितलं, की ध्वनिवर्धक आणि फोन असताना माणसाला ढोल घेऊन गावभर फिरवायचं कारण नाही.

गोदातीर

मी नांदेडचा. आमच्याकडून तेलंगण जवळ, म्हणून एक भर. १९९४ मध्ये आंध्रात अनुसूचित जातींच्या आरक्षणात वर्गीकरण मागणारी मादिगांची चळवळ सुरू झाली. मंद कृष्ण मादिग हे तिचे नेते. त्या चळवळीचं लोकांच्या तोंडातलं नाव 'दंडोरा'. मादिगांचं पारंपरिक वाद्य डप्पू आणि पारंपरिक काम दंडोरा. त्यांनी तेच नाव उचललं आणि या वेळी दंडोरा स्वतःच्या मागणीचा पिटला. राज्यांना असं वर्गीकरण करता येतं, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ ऑगस्ट २०२४ चा.

चामडं आणि काठी

@रोखठोक: दवंडी पिटायचं काम गावात कुणाचं, हे गावाने ठरवलेलं होतं. ते काम जातीला बांधलेलं नसतं तर मीही त्याच्यावर जातीशिवाय लिहिलं असतं.

आपल्याकडे हे वतन होतं. महार वतनात गावचे निरोप पोचवणं, साऱ्यासाठी लोकांना चावडीवर बोलावणं ही कामं यायची, हलगी बहुतेक ठिकाणी मांगांकडे. गावागणिक फरक असे. या वतनाचा कायदा बदलावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. वतन नव्हे, वेठ आहे, हा त्यांचा मुद्दा होता. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ चा. त्यानंतर गावाला पगारी कोतवाल आला. शहराच्या पोलिसाचा मुख्य तो कोतवाल, हे शब्दाचं जुनं वैभव. खेड्यात तो तलाठ्याच्या हाताखालचा माणूस झाला आणि दवंडी त्याच्याकडे गेली.

हळदीचं पान

+१. आणि आजीच्या चुलीतला जाळ वाचून थांबले जरा.

बखरवाला

क्रियापदांकडे परत येतो, कारण 'फिरवणे' अजून कुणी सोडवलं नाही.

दवंडी फिरते, कारण माणूस फिरतो. वेशीपासून सुरुवात, चावडी, देऊळ, मग आळीआळीने. पण 'फिरवणे'ला यापेक्षा मोठं घराणं आहे. बखरींत आणि जुन्या पत्रांत 'द्वाही फिरविली' वारंवार येतं. द्वाही म्हणजे हिंदीतली दुहाई, राजाच्या नावाची ग्वाही. किल्ला नाहीतर ठाणं घेतलं की तिथे नव्या धन्याच्या नावाची द्वाही फिरवायची: आजपासून अंमल अमक्याचा. तोफांचं काम संपल्यावर हे काम सुरू. रयतेला कालपर्यंतचा मालक गेला आणि आजपासून सारा कुणाला द्यायचा, हे त्यातून कळायचं. म्हणून द्वाही 'देत' नाहीत आणि 'पिटत' तर नाहीतच, ती सगळ्या मुलखावरून फिरावी लागते.

नंतर कागद आला. १ नोव्हेंबर १८५८ ला कंपनीचा अंमल संपून राणीचा अंमल सुरू झाला, तेव्हा शहरोशहरी जे वाचलं गेलं त्याला आपण 'राणीचा जाहीरनामा' म्हणतो. काम द्वाहीचंच, पण शब्द अरबी 'जाहीर' आणि फारसी 'नामा'. तिथून जाहीरनामा निवडणुकीत गेला आणि द्वाही फक्त 'जगी द्वाही फिरली' असल्या काव्यात उरली.

सयाजीगंज

बडोद्याहून. निवडणुकीचा विषय निघालाच आहे तर गुजरातीत पक्षाच्या जाहीरनाम्याला काय म्हणतात माहीत आहे? 'चूंटणी ढंढेरो'. अधिकृत शब्द, वर्तमानपत्रांत रोज. म्हणजे तुमच्या ढिंढोऱ्याचा मावसभाऊ. शिळोपा यांची वाटणीची कल्पना इथे उलटी लागू होते: गुजरातीत ढंढेऱ्यालाच नोकरी लागली.

शिळोपा

वा! हे माहीत नव्हतं. आमच्याकडे जाहीरनामा आधी निघतो आणि ढंढेरा पाच वर्षं चालतो, एवढाच फरक.

लेणीवेडा

अवांतर होईल, पण तुकोबांच्या ओळीवरून राहवत नाही.

अशोकाचा चौथा शिलालेख गिरनारवर आहे, त्यात एक वाक्यांश येतो: 'भेरीघोसो अहो धंमघोसो'. भेरीचा घोष आता धर्माचा घोष झाला आहे. भेरी राजाची, युद्धाची आणि हुकुमाचीही. तिचा आवाज तोच ठेवून राजा म्हणतो, आता तिच्यातून वेगळं सांगतोय. आपल्या सोपाऱ्यालाही त्याच्या आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे सापडले आहेत, म्हणजे ही घोषणा तेव्हाच्या कोकणातही पोचली होती.

तुकोबांनी जे केलं ते याच्या पुढचं. त्यांच्याकडे राज्य नव्हतं, हुकूम काढायचा अधिकार नव्हता. तरी डांगोरा पिटायची भाषा राजाची घेतली आणि वर 'कळिकाळासी दरारा'. आणि क्रियापद बघा: 'पिटूं'. 'पिटवूं' नाही. दुसऱ्याच्या हातात काठी दिलेली नाही.

चामडं आणि काठी

हे आवडलं.

नवी वस्ती

तरुण पिढीतर्फे एक आगाऊ प्रश्न. आमच्या गावात आता ग्रामपंचायतीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. घंटागाडीवर भोंगा आहे, ओला कचरा सुका कचरा झाला की त्याच्यावरच पाणी कधी येणार ते सांगतात. ई-पीक पाहणी सुरू झाली तेव्हा शेवटची तारीख ग्रुपवरच टाकली. मग ग्रुपवर टाकलं म्हणजे दवंडी दिली असं म्हणता येईल का? आमचे सरपंच तसंच म्हणतात.

ओळंबा

बातमीत सरपंचांचं वाक्य असेल तर अवतरणात ठेवीन. माझ्या वाक्यात नाही लिहिणार. ग्रुपवर मेसेज पडतो.

माजी नाझर

कायद्याच्या अंगाने सांगतो. दवंडीचा सगळा मतलब असा की ऐकणाऱ्याने काहीच करायचं नाही. घरात बसून, भाकऱ्या थापतानाही ती कानावर पडते. ग्रुप उघडावा लागतो, त्याआधी फोन लागतो, त्यात रिचार्ज लागतो, आणि ग्रुपमध्ये कुणीतरी घ्यावं लागतं. एखाद्याला काढूनही टाकता येतं. दवंडीतून कुणाला काढता येत नाही. अर्थात एखादी वस्ती गाळून पुढे जाता येत असे, आणि तशाच हरकती आमच्याकडे यायच्या: 'आमच्या वाडीवर दवंडी आलीच नाही.'

नवी वस्ती

२०२० च्या टाळेबंदीत मात्र आमच्याकडे खरीखुरी दवंडी झाली होती. पुण्यामुंबईहून आलेल्यांनी शाळेत नाव नोंदवावं म्हणून. कोतवालाने तोंडाला रुमाल बांधून हलगी वाजवली, आणि सगळी पोरं मोबाईल घेऊन शूटिंग करायला धावली. त्याचा व्हिडिओ त्याच ग्रुपवर फिरला. तेव्हा दवंडी ग्रुपवर 'पडली' असं म्हणता येईल.

हळदीचं पान

😀 गोष्टीच्या पुस्तकांचं काय मग? 'राजाने दवंडी पिटली की जो कोणी राजकन्येला हसवेल त्याला अर्धं राज्य.' मी मुलीला रोज हेच वाचून दाखवते. राजा स्वतः हलगी गळ्यात घालून निघालाय असं आता डोळ्यांसमोर येणार.

शिळोपा

'शहाजहानने ताजमहाल बांधला' चालतं ना? तसंच. मोठ्या माणसाने करवलेलं काम मराठी त्याच्याच नावावर लावते, प्रयोजक प्रत्ययाचा खर्चही वाचवते.

बखरवाला

खर्च वाचतो खरा, पण जुन्या कागदांत तो केलेला दिसतो. पिटविली, फिरविली, देवविली. कारकुनाला नेमकं माहीत असायचं की कोण सांगतो आणि कोण करतो. गोष्ट सांगणाऱ्याला घाई असते.

वऱ्हाडी ठेचा

आणि बंद 'पुकारतात', संप 'पुकारतात', कोर्टात 'पुकारा' होतो, ते? त्यांना कुठल्या रांगेत उभं करायचं?

माजी नाझर

पुकारा वेगळा. पट्टेवाला दाराशी येऊन वादी-प्रतिवादीचं नाव घेतो तो पुकारा. तो नावाने, ठरावीक माणसाला. तीनदा पुकारूनही हजर नसेल तर 'पुकारा केला, गैरहजर' अशी नोंद. दवंडीत नाव घेतलं तरी ऐकायचं सगळ्यांनी असतं.

कृष्णाकाठ

आणि बंद पुकारतात तेव्हा नाव कुणाचं घेत नाहीत, पण दुकानदाराला बरोबर कळतं की आपल्यालाच म्हणतायत.

सीमेवरचा

चामडं आणि काठी, एक विचारायचं राहिलं. दवंडीचा ठेका वेगळा असतो का? कुस्तीच्या मैदानातली हलगी आणि दवंडीची हलगी लांबून ओळखू येते?

चामडं आणि काठी

लगेच येते. कुस्तीला हलगी थांबतच नाही, घुमकं आणि कैताळ साथीला, चढत जाते, पैलवान जोर करतोय तोवर वाजवणारा त्याला सोडत नाही. लग्नाच्या वरातीत लय वेगळी, नाचणाऱ्याच्या पायाकडे बघून वाजवायची. दवंडीला कलाकारी नको. मोजके सरळ ठोके, मग हात कातड्यावर ठेवून आवाज दाबायचा. ते दाबणं महत्त्वाचं, नाहीतर घुमत राहतं आणि पहिले शब्द जातात. मग 'ऐका हो ऐका', हुकूम, आणि शेवटी परत ठोके, म्हणजे संपलं, आता प्रश्न विचारू नका. आजा सांगायचा, पुढच्या चौकात जायच्या आधी एवढं थांबायचं की म्हाताऱ्या माणसाला दारापर्यंत येता आलं पाहिजे.

ओळंबा

कामाचं सांगते. पुढच्या आठवड्यापासून आमच्या पानावर हुकूम काढणारा कर्ता असेल तर 'दिली' किंवा 'पिटवली', गावभर हिंडण्यावर भर असेल तर 'फिरवली', आणि कोतवाल कर्ता असेल तरच 'पिटली'. डांगोरा मी अजूनही ग्रामसभेला लावू देणार नाही, तुकोबांची माफी मागून. एकच अडचण, वार्ताहर सगळीकडे 'दवंडी पिटण्यात आली' लिहितात, म्हणजे कर्ताच नाही.

माजी नाझर

तसं आमच्याकडे लिहून आलं की मी समासात लाल शाईने एकच शब्द लिहीत असे: 'कोणी?' अहवाल परत. दुसऱ्या दिवशी बेलिफ नाव घेऊन येई.